तास्सोच्या वाटेनं कुणीच जात नाही

सेर्रा दे फाब्री, १४ सप्टेंबर

मिर्को,

एकोणीस घरांतली माणसं माझ्या तोंडावर खोटं बोलली आणि मी ते खोटं सुवाच्य अक्षरात, तारीख घालून, लिहून घेतलं. तर त्या कागदावरचं खोटं नक्की कोणाचं? मला याचं उत्तर येत नाही. पाच वर्षं विद्यापीठात काढली, घरातली पहिली पदवी आईनं फ्रिजच्या वरच्या भिंतीवर टांगली, तरी येत नाही. तुला येत असेल. तुला नेहमीच सगळं येतं.

चार वर्षांनी पत्र लिहितेय, म्हणजे खुशाली विचारायला हवी. विचारत नाही. फोनही करणार नाही. फोनवर तू हसवतोस आणि मग मी काय बोलायला निघाले होते ते राहून जातं. जूनमध्ये तसंच झालं.

काल कचेरीच्या दाराला नोटीस लागली. तुला ती आधीच माहीत असेल, पण तुझ्या बहिणीच्या नावासकट, पदवीमुळे त्याला चिकटलेल्या ‘डॉ.’सकट वाच: ‘तास्सोची वाट, खालच्या कारंज्यापासून पालोम्बाराच्या माळापर्यंत, दोन किलोमीटर सातशे मीटर, ही वापरात नसल्याचं डॉ. नोएमी यांच्या सर्वेक्षणात आढळल्याने सार्वजनिक वाटांच्या यादीतून वगळण्यात येत आहे. हरकत असल्यास साठ दिवसांत लेखी कळवावी.’

यादीतून नाव गेलं की वाट ज्याच्या जमिनीतून जाते त्याची. पालोम्बाराची जमीन वसंतात कुणी घेतली? तुझ्या कंपनीनं. मग फाटक कुणाचं लागणार, आणि वरच्या ओकच्या रानात कुत्री घेऊन कोण शिरणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

मी या उन्हाळ्यात पंचायतीसाठी एक्केचाळीस वाटा मोजल्या. आईच्या सायकलवर. तिला तीन गिअर आहेत, त्यातला मधला अडकलेला. जिथं चालवता आली नाही तिथं खांद्यावर घेतली, जिथं खांद्यावर पेलली नाही तिथं काटेरी जाळीत टाकून पायी गेले. सूर्यफुलांच्या शेतामधून चढणारा पांढऱ्या खडीचा रस्ता दुपारी डोळ्यांना कसा झोंबतो ते तुला आठवतं का? एका टेकडीच्या धारेवरून पुढच्या सात टेकड्या दिसतात आणि प्रत्येकीच्या टोकावर कुणीतरी गाव ठेवून विसरून गेल्यासारखं वाटतं. मी वीस दिवस भूक विसरले होते. मला वाटत होतं, मी काहीतरी वाचवतेय.

आणि रोज तुझे पाहुणे भेटायचे. बॅटरीवर चालणाऱ्या सायकली, एकसारखी हेल्मेटं, मागून सामान घेऊन येणारी तुझी गाडी. चढावर घाम नाही, उतारावर भीती नाही. वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढतात. एकीनं मला विचारलं, ‘इथं खरंच कुणी राहतं का?’ मी तिच्या समोर उभी होते.

नोएमी

*

३० सप्टेंबर

मिर्को,

तुझं उत्तर मिळालं. अडीच ओळी आणि एक चकचकीत पुस्तिका. ‘रागावू नकोस. ती वाट कुणी वापरत नाही हे तूच लिहिलंस. पुढच्या वर्षी गाइड म्हणून ये, तुझ्याइतकं ते डोंगर कुणाला माहीत आहेत?’

पुस्तिकेच्या चौथ्या पानावर आपली वाट आहे. ‘जगाला विसरलेली.’ शाबास. आधी जगाला हाकलायचं आणि मग वाट जगाला विसरली म्हणून पाहुण्यांना विकायचं. हे वाक्य तूच लिहिलंस ना? शाळेत निबंध मी लिहून द्यायचे, त्याची ही फळं.

हरकतीचा कागद घेऊन मी गुरुवारी क्लबात गेले. किराणा दुकानावरची तीच खोली, तीच चार टेबलं, बाटल्यांवर तीच धूळ. माझा भाबडेपणा बघ: मला वाटलं, एकदा समजावून सांगितलं की सह्या करतील. कायदा साधा आहे. दहा जणांनी ‘आम्ही या वाटेनं जातो’ असं लिहून दिलं की वाट यादीत राहते.

मी आत शिरताच क्विंतो गवंड्यानं पत्ते खाली ठेवले. ‘या डॉक्टरीणबाई! चेसिरा, गुडघा दाखव, फुकटात आहे.’

चेसिरा आत्यानं खरंच गुडघा पुढे केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, अजून रोज तिच्या त्या तांबड्या कुत्रीला घेऊन पहाटे बाहेर पडते आणि विचारलं तर सांगते, सलाड तोडायला जाते.

मी नाझ्झारेनो काकांना सरळ विचारलं. ‘काका, तुम्ही तास्सोच्या वाटेनं जाता की नाही?’

‘मी?’ तीस वर्षं बस चालवलेला माणूस, रस्ता हा शब्द आयुष्यात प्रथमच ऐकल्यासारखा बघत राहिला. ‘अगं माझे गुडघे बघ. मी चर्चच्या पायऱ्या चढत नाही.’

‘गुडघे चांगले होते तेव्हाही चढला नाहीस,’ चेसिरा आत्या म्हणाली.

‘मग तुमच्या कुत्र्याच्या पायांना निळी माती कुठून लागते? निळी माती फक्त तिथंच आहे.’

‘तो एकटा जातो. तरुण आहे.’

खोलीभर हसू. मी म्हटलं, ‘फाटक लागणार आहे. कुंपण. कॅमेरे. पालोम्बारावाले वरचं सगळं रान बंद करणार.’

‘लागू दे की,’ क्विंतो म्हणाला. ‘जे जातात त्यांचं नुकसान. मी तर जात नाही.’ आणि त्यानं नाझ्झारेनोकडे असं पाहिलं, जसं काही आता नाझ्झारेनोच तेवढा अडकणार. नाझ्झारेनोनं तसंच चेसिराकडे पाहिलं. मिर्को, ते खूश होते. प्रत्येकाला वाटत होतं की कुंपणाला एक भोक असणार आणि ते फक्त त्यालाच सापडणार.

ओकच्या मुळांपाशी वाढणाऱ्या, कुत्र्यांनी हुंगून काढायच्या, जमिनीखालच्या एका वासट अळंब्यापायी हे. ट्रफल, ट्रफल. कुणाचं झाड कुठलं ते बापानं मुलाला मरतानाच सांगायचं, बायकोला तर तेव्हाही नाही. शेजाऱ्याला चुकवायला उलट्या दिशेनं निघायचं आणि दोन किलोमीटरचा वळसा घालून त्याच वाटेला लागायचं. सगळ्या गावाला सगळ्या गावाचं माहीत आहे आणि कुणालाच काही माहीत नाही. आता यांना लेखी द्यायला सांगते आहे मी. कागदावर! पंचायतीच्या दाराला लागणार तो कागद!

‘क्विंतोनं आधी सही केली तर मी करीन,’ नाझ्झारेनो शेवटी म्हणाला.

‘मी कसली सही करू? मला ती वाट कुठून सुरू होते तेसुद्धा माहीत नाही.’

ती वाट क्विंतोच्या परसातल्या कारंज्यापासून सुरू होते.

एकही सही मिळाली नाही. तुला हे सगळं आधीच ठाऊक होतं, हो ना? जूनमध्ये फोनवर तू म्हणालास, ‘लोक सांगतील तेच लिही, नोएमी. आपलं मत घालायचं नाही. तू शिकलेली आहेस, तुला पद्धत माहीत आहे.’ मी फुशारले. मला वाटलं, भाऊ माझ्या शिक्षणाचा मान ठेवतोय. तुला फक्त एवढंच माहीत होतं की या गावाला विचारलं तर गाव नाहीच म्हणणार. आणि कुणीतरी नीटनेटकं ते लिहून घ्यायला हवं होतं.

नोएमी

*

१९ ऑक्टोबर

मिर्को,

या पत्राला उत्तर देऊ नकोस.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. एकोणीस घरांतलं एक घर आपलं आहे.

बाबांना मी जूनमध्ये स्वयंपाकघरात विचारलं होतं, फॉर्म पुढ्यात घेऊन, परक्या माणसाला विचारावं तसं. ते टेबलाखाली पाय घेऊन खुरपीच्या पात्यावरची माती सुरीनं खरवडत होते. निळी माती. त्यांच्या पायाशी पिप्पा कुत्री झोपली होती आणि तिच्या मिशांनाही तीच.

‘बाबा, तास्सोची वाट वापरता?’

‘कुठली?’

‘बाबा.’

‘हां, ती. नाही. तुझा भाऊ गेल्यापासून पाऊल टाकलं नाही.’

आई मोरीपाशी होती. वळलीसुद्धा नाही. ‘लिही, लिही. नाही जात ते. चिखलाच्या पँटी मी हौसेनं धुते.’

आणि मी लिहिलं: नाही.

मला वाटलं होतं, घरच्या माणसाला वेगळा नियम लावला तर माझ्या कामाला अर्थ काय? किती उदात्त, बघ. तशीच अठरा उत्तरं आधी लिहिली होती, एकोणिसावं उत्तर खरं लिहिलं तर सगळ्यांचीच परत तपासावी लागली असती, आणि अहवाल महिनाअखेर द्यायचा होता. वेळेवर, स्वच्छ अहवाल दिला तर जानेवारीपासून जिल्ह्याच्या रस्ते विभागात कायमची जागा मिळेल असं मला सांगितलं होतं. पुढचं तुला कळतं. तू बाजारातला माणूस आहेस.

म्हणून तुला शिव्या देताना हल्ली माझा आवाज नीट लागत नाही. तरी देते.

बाबांचं बोलणं अर्धं तरी खरं होतं. तू त्या जर्मन पाहुण्यांना त्यांच्या ओकपाशी नेलंस, ‘ट्रफल शोधण्याचा अनुभव’ म्हणून, दुसऱ्या दिवशी तिथं आठ खड्डे होते आणि मुळं उघडी पडली होती, तेव्हापासून बाबा त्या झाडाकडे जात नाहीत. ते झाड वाळलं. ते त्याच्या पुढच्या रानात जातात, जिथं तुला कधी नेलं नाही. मला नेलं होतं, बारा वर्षांची असताना. डोळे बांधून. मी हसले तर रागावले होते.

मागच्या रविवारी मी कारंज्यापाशी सायकल धूत होते. बाबा पिप्पाला घेऊन भलत्याच बाजूनं, चर्चकडून येत होते, म्हणजे वळसा घालून झाला होता. तेवढ्यात तुझे दोन पाहुणे थांबले, नवराबायको, हॉलंडचे असावेत. नकाशा दाखवत विचारलं, पालोम्बारा?

बाबांनी टोपी काढली. अदबीनं, हातवारे करत, त्यांना थेट खाली नदीकडच्या उतारावर पाठवून दिलं.

‘बाबा, ती वाट पालोम्बाराला जात नाही.’

‘मला काय माहीत? मी तिकडं जात नाही ना.’

आणि मग ते दोघं दिसेनासे होईपर्यंत थांबून, माझ्याकडे न बघता, तास्सोच्या वाटेला लागले. पासष्ट वर्षांचा माणूस, कागद कारखाना बंद झाल्यापासून त्या रानाशिवाय ज्याला जगात जागा नाही, तो फाटक लागायच्या महिनाभर आधी दोन सायकलवाल्यांना चकवून जिंकल्याच्या खुशीत चालला होता. मला त्यांची कीव आली असं लिहायला मला आवडलं असतं. मला राग आला. मी सायकल भिंतीला टेकवली आणि त्यांच्या मागे गेले.

ते कुठं वळले ते मी पाहिलं. वेळ लिहून ठेवली.

नोएमी

*

१० नोव्हेंबर

मिर्को,

एकवीस सकाळी झाल्या.

कारंज्याच्या वर, पहिल्या वळणाशी, तो पडका कोळसेवाल्यांचा गोठा आहे ना, तिथं सायकल आडवी करून बसायचे. उजाडताना पहिली येते चेसिरा आत्या, हातात सलाडची टोपली, टोपलीत खुरपी. मग क्विंतो, तो परसातून न येता कुंपण चढून येतो, स्वतःच्याच घराच्या मागून, चोरासारखा. मग सात वाजता नाझ्झारेनो, दुखऱ्या गुडघ्यांनी, बकरीसारखा. कुत्रे मला ओळखतात, भुंकत नाहीत. मालक कुत्र्यांकडे बघतात, माझ्याकडे नाही. मी पाठीमागून फोटो काढले. सत्तेचाळीस. वर धारेपर्यंत पायी गेले, तिथून कोण कुठल्या बाजूला उतरलं ते नाही लिहिलं. कोणतं झाड ते नाही लिहिलं. पण या गावात कोण कितव्या वळणावर नाहीसा झाला एवढं कळलं की झाड कळतं. हे मला माहीत आहे. मी अडाणी नाही.

नावं, तारखा, वेळा. सह्या नसल्या तर फोटोंसकट अशा नोंदीही हरकतीला चालतात. चौदा माणसं. बाबांच्या नावापुढे तेवीस नोंदी आहेत. त्यातल्या काही दुपारच्या आहेत, कारण ते दिवसातून दोनदा जातात.

हे पाठीमागून द्यायचं नव्हतं मला. आधीच खूप काही पाठीमागून केलं आहे. म्हणून शनिवारी दुपारी क्लब भरलेला असताना गेले आणि पत्त्यांच्या स्पर्धेच्या तक्त्याशेजारी यादीची प्रत टाचणीनं लावली.

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. सगळे उठून जवळ आले आणि आधी स्वतःचं नाव शोधलं, मग शेजाऱ्याचं. पुष्कळ वेळ वाचत होते. क्विंतो नाझ्झारेनोच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘सात वाजता? लेका, म्हणजे दरीतलं ते खणणं तुझंच होय!’

‘आणि माझ्या झाडाखालचे खड्डे तुझे तर!’

‘तुझं झाड? कुणी सांगितलं तुझं?’

‘मिटवा ते,’ चेसिरा आत्या म्हणाली. ती सगळ्यात शेवटी उठली होती. चष्मा नव्हता, म्हणून मलाच तिचं नाव वाचून दाखवायला लावलं. सोळा नोंदी. ऐकून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘माझ्या नवऱ्याला पण मी सांगितलं नव्हतं, पोरी. एक्कावन्न वर्षं. तो मेला, त्याला माहीत नव्हतं.’

मी म्हटलं, ‘आत्या, फाटक लागलं असतं. तुम्हाला कुंपण चढता आलं असतं का?’

‘नसतं आलं. पण मग मी घरी बसले असते आणि माझं माझ्यापाशी राहिलं असतं.’

‘ही पण भावासारखीच निघाली,’ मागून क्विंतो म्हणाला. मोठ्यानं.

मी काय सांगू त्यांना? की मिर्कोनं ते विकलं आणि मी ते वाचवतेय? त्यांना फरक दिसला नाही. माझ्या डोळ्यांना दिसतो, पण मला आता माझ्या डोळ्यांचाही फारसा भरवसा वाटत नाही.

तेवढ्यात बाबा आले. कुणीतरी बोलावलं असणार. त्यांनी टोपी काढली, तक्त्यापाशी गेले, बोट फिरवत सगळं वाचलं, पहिल्या ओळीपासून. मग माझ्याकडे वळले.

‘तेवीस नाही,’ म्हणाले. ‘चोवीस. बुधवारी तू गोठ्यात झोपली होतीस. मी अंगावरून गेलो.’

आणि टोपी घालून निघून गेले. तेव्हापासून घरात माझ्याशी बोललेले नाहीत. जेवणात मीठ हवं असलं तर आईला सांगतात, आई माझ्यासमोरचं मीठ उचलून त्यांना देते. तुझ्या बाबतीत हे किती दिवस चाललं होतं? पहिले सहा महिने तरी, मला आठवतं. मग तू गेलास, म्हणून पुढचं मोजता आलं नाही.

आई काल भांडी घासताना एवढंच म्हणाली, ‘दोन मुलं. दोघांनी त्याच वाटेवर त्यांना गाठलं.’

मी चोवीस केलं. खाडाखोड न करता नवीन प्रत काढली.

नोएमी

*

१२ नोव्हेंबर

मिर्को,

आज शेवटचा दिवस होता. साडेअकराला कचेरीत गेले. सरपंच नव्हते, असते तरी खिडकीतून बाहेर बघत बसले असते. तुझ्या कंपनीनं त्यांच्या मेहुण्याला पालोम्बाराच्या भिंतींचं काम दिलंय हे गावात पत्त्यांइतकंच उघड आहे. आवक खिडकीवर रोझाल्बा होती, शाळेत माझ्या दोन वर्षं पुढची. तिनं यादी पाहिली, फोटो पाहिले. तिच्या सासऱ्यांचं नाव नवव्या ओळीवर होतं.

मग तिनं वरचं पान वाचलं. ते मी चार ओळींत लिहिलं होतं. मी सर्वेक्षण केलं. वाट वापरात आहे, सोबत पुरावा. जूनमधली माझी नोंद चुकीची आहे. लिहिताना ती चुकीची आहे हे मला माहीत होतं.

‘ही शेवटची ओळ कशाला, नोएमी?’ ती हळूच म्हणाली. ‘हिच्याशिवाय पण हरकत चालते. हे जिल्ह्याला जाणार. जानेवारीत तुला तिथं कोण घेणार आहे?’

तिनं पेन माझ्याकडे सरकवलं, खोडायला.

मी पेन परत तिच्याकडे सरकवलं आणि शिक्का मारायला सांगितला. तिनं मारला, दोन्ही प्रतींवर. एक माझ्याकडे आहे, दुसरी फाइलीत गेली.

नोएमी